आरए असलेल्यांनो, रोजची नोंद कशावर ठेवता? अ‍ॅप, वही की आणखी काही?

खडू_फळा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस विचारायचं होतं. मी साताऱ्याजवळ शाळेत शिकवते. २०१८ मध्ये मला रुमॅटॉइड आर्थ्रायटिस (आरए, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात) निघाला, त्याची अँटी-सीसीपी ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह. आजार आटोक्यात ठेवायला मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा, हायड्रॉक्सीक्लोरोक्विन रोज, शिवाय फॉलिक अ‍ॅसिड. दर तीन महिन्यांनी पुण्याला डॉक्टरांकडे जाते. पहाटेची एसटी, तिथे दोन-अडीच तास थांबायचं, मग आत गेल्यावर डॉक्टर विचारतात "मधल्या काळात कसं होतं?" आणि माझ्या तोंडून "बरं होतं" एवढंच निघतं. कारण त्या दिवशी खरंच बरं असतं. मधले ते अकरा दिवस, ज्यात मला स्वतःची वेणी घालता येत नव्हती, ते त्या खुर्चीत आठवतच नाहीत. स्वारगेटला परतीच्या गाडीत बसले की मग सगळं आठवतं.

म्हणून गेल्या वर्षभरात तीन अ‍ॅप वापरून बघितली. एकाला महिन्याला पैसे. दुसरं दिवसातून पाच वेळा आठवण करायचं, तासावर असताना फोन वाजला की पोरं हसायची. तिसऱ्यात माणसाचं चित्र आणि प्रत्येक सांध्यावर एक बारका ठिपका, दुखतोय त्या ठिपक्यावर बोट टेकवायचं. आता बोटच सुजलेलं असताना ते नेमकं टेकवायचं कसं? ज्या सकाळी नोंद करणं सगळ्यात गरजेचं असतं त्याच सकाळी हात फोनवर चालत नाहीत. तीन महिन्यांनी बघितलं तर चांगल्या दिवसांच्या नोंदी भरपूर आणि वाईट दिवस कोरे. ग्राफ बघून वाटावं ही बाई ठणठणीत आहे.

सध्या माझ्याकडे मोजायचं साधन एकच आहे, दुधाची पिशवी. सकाळी सहाला दूध येतं. पिशवीचं टोक कात्रीने कापता आलं की माझी सकाळ सुरू झाली असं मी धरते. चांगल्या दिवशी सव्वासहा. वाईट दिवशी साडेसात, तोवर कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसलेली असते.

तुम्ही काय वापरता? मराठीत काही आहे का? आणि मुख्य म्हणजे वाईट दिवशी जमेल असं काय आहे?

अबोली_मडगाव

खडूताई, अगदी माझं मनोगत लिहिलंत. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर खुणा करते. वाईट दिवस असला की तारखेला लाल गोल, बास. पेन धरता नाही आलं तर मुलगी करते. दुधाचा हिशोब तिथेच, दुखण्याचा हिशोब पण तिथेच.

नीरजा७४

मी अ‍ॅपच्या बाजूने बोलणार. दोन वर्षं एकच अ‍ॅप वापरतेय, इंग्रजीच आहे पण चार प्रश्न आणि एक पट्टी सरकवायची, अर्धा मिनिट लागतो. मला त्याचा उपयोग असा झाला की औषध बदललं तेव्हा सकाळचा ताठरपणा ९० मिनिटांवरून हळूहळू २० वर आला ते डोळ्यांनी दिसलं, नाहीतर मला वाटत होतं काहीच फरक नाही. औषध लागू व्हायला सहा-आठ आठवडे, कधी तीन महिनेही लागतात, तेवढ्यात माणूस धीर सोडतो. तो ग्राफ बघून मी धीर धरला.

आणि रक्ताच्या तपासण्यांची आठवण! सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड). हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवाल्यांनी डोळ्यांच्या तपासणीची पण आठवण लावून ठेवा, पडद्यावर परिणाम होऊ शकतो आणि तो आपल्याला आधी कळत नाही. गोळ्या किती शिल्लक तेही मी लिहिते. २०२० च्या एप्रिलमध्ये करोनाच्या गोंधळात हीच गोळी दुकानातून गायब झाली होती, आठवतंय ना? मी सहा दुकानं फिरले होते तेव्हा.

एक_वाचक

वाचतोय. बायकोला गेल्या महिन्यात निदान झालंय. चांगला धागा.

गोळीवाले_काका

औषधाचं दुकान आहे माझं, तीस वर्षं झाली, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ही गोळी चुकून रोज घेतली गेली तर तोंडात फोड येतात, पांढऱ्या पेशी धडाधड उतरतात, जिवावर बेततं. अ‍ॅपमध्ये औषध टाकताना "रोज" हे आधीच निवडलेलं असतं, आपण घाईत पुढे जातो आणि फोन रोज रात्री नऊला प्रामाणिकपणे ओरडत राहतो. माणूस म्हणतो फोन सांगतोय तर घेतली पाहिजे. तेव्हा वार ठरवा, तो वार कागदावर लिहून गोळ्यांच्या डबीला चिकटवा, आणि अ‍ॅपमध्ये आठवण लावली की दुसऱ्या दिवशी ती वाजत नाही ना हे बघा.

माझ्या गिऱ्हाइकांना मी सांगतो की सोमवार ठरवू नका, सकाळ असं लिहिलेलं असलं की घाईत लोक सोम आणि सकाळ एकच वाचतात. शनिवार किंवा रविवार बरा.

संगमनेरचा_पोऱ्या

काका तुम्ही लिहिलंत म्हणून सांगतो. आमच्या आईच्या बाबतीत हेच झालं, अ‍ॅप नव्हतं, औषधाच्या पाकिटावर दुकानातल्या पोराने "१ रोज" असं लिहून दिलं. नऊ दिवस घेतली तिने. तोंड आलं म्हणून आम्ही उन्हाळ्याचं उष्णतेचं समजून गुलकंद देत होतो. शेवटी जेवण बंद झालं तेव्हा दवाखान्यात नेली, अ‍ॅडमिट, आठ दिवस. वाचली.

आता पद्धत अशी आहे. आईकडे बटणांचा फोन, अ‍ॅपचा प्रश्नच नाही. मी चाकणला कामाला. दर शनिवारी रात्री साडेआठला मी फोन करतो, ती माझ्याशी बोलत बोलत गोळी घेते, पाणी प्यायल्याचा आवाज ऐकूनच ठेवतो. मग विचारतो, आठवड्यात किती दिवस भाकरी थापता आली? ती सांगते पाच. कधी तीन. ते मी माझ्या फोनात शीटमध्ये भरतो. एक रकाना तारीख, एक रकाना भाकरी, एक गोळी. डॉक्टरांना तेच दाखवतो. डिजिटल म्हणा नाहीतर काही म्हणा.

अबोली_मडगाव

पोऱ्या, डोळ्यांत पाणी आणलंस रे. आईला नमस्कार सांग.

नीरजा७४

भाकरीचा रकाना! याहून चांगलं माप कुठल्या अ‍ॅपमध्ये नाही.

स्पष्ट_बोलतो

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. मला १४ वर्षं आरए आहे, इचलकरंजीत लूमवर काम करायचो, आता सुपरवायझर. एक वर्ष मी रोज वेदना दहापैकी किती ते लिहायचो. काय व्हायचं, सकाळी उठल्या उठल्या पहिला विचार दुखण्याचा. आज पाच की सहा? दुखत नसलं तरी दाबून दाबून बघायचो कुठे दुखतंय का. घरातले म्हणायला लागले तुम्ही आजार सोडून बोलतच नाही. बंद केलं सगळं, आणि खरं सांगतो हलकं वाटलं. रोज मोजल्याने दुखणं कमी होत नाही.

खडू_फळा

दादा रागावायचं काय, ही भीती मलाही वाटते. पण मग डॉक्टरांना काय सांगता?

स्पष्ट_बोलतो

बायको सांगते. माझ्यापेक्षा जास्त तिच्या लक्षात असतं.

फिजिओ_मृण्मयी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, थोडं लांब लिहिते.

स्पष्टदादांचं खरं आहे, काही जणांना रोजची नोंद मानवत नाही. त्यांनी आठवड्यातून एकदा करावी, किंवा डॉक्टरकडे जायच्या आधीचे फक्त दोन आठवडे. पण "वेदना दहापैकी किती" यापेक्षा "काय करता आलं" हे लिहिलं तर मन दुखण्याला चिकटून राहत नाही असा माझा अनुभव आहे. खडूताईंची दुधाची पिशवी आणि पोऱ्याच्या आईची भाकरी ही नेमकी त्याच जातीची मापं आहेत. आम्ही दवाखान्यात हेच कागदावर विचारतो. १९८० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला एक प्रश्नावली तयार झाली, हॅक म्हणतात तिला, रोजची कामं किती जमतात यावर ० ते ३ गुण. तिचं भारतीय रूप आहे १२ प्रश्नांचं. त्यात साडी किंवा पायजमा स्वतः नेसता-घालता येतो का, उकिडवं किंवा मांडी घालून बसता येतं का, रिक्षात चढता-उतरता येतं का, मंडईत जाऊन भाजी आणता येते का असं विचारलेलं आहे. बाहेरच्या अ‍ॅपमध्ये हे नसतं, तिथे बाथटबमधून उठता येतं का असं विचारतात. साताऱ्याच्या बाईने त्याचं काय उत्तर द्यावं?

आता सांध्यांचं चित्र. त्या ठिपक्यांच्या मागे डीएएस-२८ नावाचा हिशोब असतो. २८ सांधे: दोन्ही खांदे, कोपरं, मनगटं, गुडघे आणि हाताच्या बोटांचे वीस. किती दुखतात, किती सुजलेत, ईएसआर किंवा सीआरपी (शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) किती आणि तुम्हाला स्वतःला एकंदर कसं वाटतंय हे धरून आकडा निघतो. २.६ च्या खाली म्हणजे आजार शांत, ५.१ च्या वर म्हणजे जोरात. पण या २८ मध्ये घोटा आणि पावलं नाहीत. ज्यांचं पायांचंच जास्त दुखतं त्यांचा आकडा छान येतो आणि त्या मात्र चप्पल घालताना रडत असतात. तेव्हा अ‍ॅप सांगतंय म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.

खडू_फळा

मृण्मयी, थांब जरा. माझं गेलं वर्षभर पायाच्या चवड्याचंच जास्त आहे. वर्गात उभं राहताना खडे टोचल्यासारखं वाटतं. मी ते कधी सांगितलंच नाही, मला वाटलं उभं राहून राहून होतंय.

फिजिओ_मृण्मयी

सांगा ताई. पुढच्या वेळी चप्पल काढून पाय दाखवा. नक्की.

मँचेस्टरकर

इथे इंग्लंडमध्ये याच विषयावर एक मोठा अभ्यास झाला, मी त्यात नाव नोंदवलं होतं. क्लाउडी विथ अ चान्स ऑफ पेन असं नाव, मँचेस्टर विद्यापीठाचा, २०१६ ला सुरू झाला. १३,००० हून जास्त लोकांनी फोनवर नाव नोंदवलं. रोज दुखण्याची नोंद करायची, फोन जिथे असेल तिथलं हवामान आपोआप जोडलं जायचं. शेवटी २,६५८ लोकांच्या नोंदी हिशोबात धरल्या आणि २०१९ ला निष्कर्ष आले: दमट हवा, हवेचा कमी दाब आणि जोराचा वारा असला की दुखण्याचा संबंध दिसतो. सगळ्यात वाईट हवेच्या दिवशी जास्त दुखण्याची शक्यता साध्या दिवसापेक्षा २० टक्क्यांच्या थोडी वर. म्हणजे आज्जी म्हणायची "आभाळ भरलं की गुडघे बोलतात" ते अगदीच खोटं नव्हतं.

हापूस_आणि_फणस

अहो मँचेस्टरकर, इकडे रत्नागिरीत चार महिने हवा पिळून काढावी इतकी ओली असते, त्या हिशोबाने आमच्या घरात जून ते सप्टेंबर कोणी उठूच नये! पण गंमत ऐका. बायकोला आरए आहे, तिच्या नोंदी मी दोन वर्षं ठेवल्यात. जुलै-ऑगस्ट मध्यम. सगळ्यात वाईट महिना दोन्ही वर्षी मे! ऊन कडक, पाऊस नाही, तरी मे. आम्ही दोघं विचारात पडलो. मग तारखा जुळवल्या. मे म्हणजे मुंबईची माणसं घरी, रोज पंधरा-सोळा पानं, आंब्याची साठं, फणसाचे पापड, तळलेले गरे, नारळ खवणं. हवामान नव्हे, खवणी होती ती.

यंदा आम्ही पापड लाटायला दोन बायका लावल्या आणि मुंबईकरांना सांगितलं की नारळ तुम्ही खवायचे. मे बरा गेला.

नीरजा७४

हे फार महत्त्वाचं आहे हो. आम्ही सगळ्या पावसाला दोष देत बसतो.

सुनंदा_काकू

मी सगळं वाचलं. मला वाटतं तुम्ही लोक फार औषधांच्या मागे लागता. आमवाताला आयुर्वेदात पथ्य सांगितलंय, सुंठ, एरंडेल, लंघन. मला एक पावडर मिळाली होती तिने आठ दिवसांत फरक पडला होता.

गोळीवाले_काका

काकू, वैद्यांकडून रीतसर घेत असाल तर माझं काही म्हणणं नाही. पण नाव-पत्ता नसलेल्या पावडरीने आठ दिवसांत फरक पडला तर मला तरी आधी स्टिरॉइडचा संशय येतो. ती एकदम बंद केली की माणूस आडवा होतो. तुम्ही घेत असलेलं सगळं, पावडरसुद्धा, तुमच्या नोंदीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा, तेवढं करा.

सुनंदा_काकू

बंद केल्यावर तोंडावरची सूज उतरली होती खरी. दाखवते.

अबोली_मडगाव

पावडरीवरून आठवलं. एक अ‍ॅप मी टाकलं होतं, फुकट होतं. नाव, फोन नंबर, आजार, सगळं भरलं. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू, "मॅडम तुम्हाला सांधेदुखी आहे ना, आमचं तेल घ्या." माझा आजार यांना कुणी सांगितला? माझ्या ऑफिसात सुद्धा माहीत नाही. तेव्हापासून कालनिर्णय.

कोडवाला

अबोलीताई, म्हणूनच नंबर न विचारणारं हवं. २०२३ मध्ये आपल्याकडे डेटा संरक्षणाचा कायदा संमत झालाय, पण आपणच कमीत कमी द्यावं हे उत्तम. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, आत्याला आरए आहे. मी रिकाम्या वेळात एक साधं मराठी अ‍ॅप करायला तयार आहे. काय काय हवं सांगा.

नीरजा७४

लॉगिन नको. नेट नसताना चालावं. बटणं पुरीएवढी मोठी.

हापूस_आणि_फणस

एका पानाची प्रिंट निघाली पाहिजे. डॉक्टर आपला फोन हातात घेऊन बघत बसत नाहीत.

मँचेस्टरकर

नोंदी बाहेर काढता आल्या पाहिजेत! माझं आधीचं अ‍ॅप एका सकाळी बंदच झालं, कंपनीने गुंडाळलं, तीन वर्षांच्या नोंदी गेल्या.

संगमनेरचा_पोऱ्या

आठवड्याची गोळी असेल तर "रोज" निवडताच येऊ नये. हे पहिलं.

स्पष्ट_बोलतो

एक दिवस चुकला तर "तुमची साखळी तुटली" असं म्हणू नये. फ्लेअरमध्ये (आजार उसळतो तेव्हा) पडलेल्या माणसाला फोनची बोलणी कशाला?

फिजिओ_मृण्मयी

आणि व्यायाम दाखवलात तर फ्लेअरच्या दिवशीचे वेगळे ठेवा. सुजलेल्या सांध्याला त्या दिवशी हळू हलवायचं, ताण द्यायचा नाही.

कोडवाला

सगळं लिहून घेतलं. वेळ लागेल. तोवर खडूताई, वाईट दिवसासाठी एक सुचवतो: बोलून लिहा. फोनच्या कीबोर्डवर माइक असतो, भाषा मराठी करा. व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच मेसेज पाठवता येतो. सकाळी पातेल्यात हात असताना शेजारी फोन ठेवून कुणाला तरी माइक दाबायला सांगा आणि एक वाक्य बोला.

खडू_फळा

करून बघते. लेकाला सांगते माइक दाबायला.

खडू_फळा *(सात आठवड्यांनी)*

मंडळी, धागा वर काढतेय. काल पुण्याला जाऊन आले.

कोडवाल्यांनी सांगितलं तसं रोज एक वाक्य बोलले. "पिशवी सात दहा, उजवं मनगट, चवडे, गोळी घेतली." एवढंच. बोलायला काही लागत नाही, अगदी वाईट दिवशी पण जमलं. फोन "फ्लेअर"चं दर वेळी "फ्लॉवर" करायचा, लेक म्हणाला आई आज घरात फ्लॉवर आहे का गं! जायच्या आदल्या रात्री त्यानेच सगळं एका कागदावर उतरवलं, ४९ ओळी. वाईट दिवसांवर अबोलीताईसारखा लाल गोल.

तो कागद बघताना मला स्वतःलाच एक दिसलं जे मी कधी कबूल केलं नव्हतं. मेथोट्रेक्सेट शनिवारी रात्री घ्यायची. रविवारी दिवसभर मळमळतं, अन्नाचा वास सहन होत नाही. सात शनिवारांपैकी तीन शनिवारी मी "गोळी घेतली" असं बोललेच नाही. कारण घेतलीच नव्हती. रविवारी कुणी यायचं होतं, एकदा पेपर तपासायचे होते. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लाल गोल जास्त.

डॉक्टरांपुढे कागद ठेवला आणि म्हणाले, सर, मी गोळ्या चुकवते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी कागद नीट वाचला, शेवटपर्यंत, आणि म्हणाले बरं झालं सांगितलंत, मी डोस वाढवायच्या विचारात होतो. मग पाय बघितले. चप्पल काढायला लावली, चवडा दोन्ही बाजूंनी दाबला आणि मी ओरडलेच. एक्स-रे सांगितलाय पावलांचा. गोळीऐवजी आता तेच औषध इंजेक्शनने, पोटाच्या कातडीखाली, आठवड्यातून एकदाच. त्याने मळमळ बऱ्याच जणांना कमी होते म्हणाले.

मृण्मयी, पायांचं तू लिहिलं नसतंस तर मी चप्पल काढली नसती.

फिजिओ_मृण्मयी

ताई, किती बरं वाटलं वाचून. एक्स-रे झाला की चपलेत घालायच्या गादीबद्दल विचारा, चवड्याखाली आधार मिळतो.

स्पष्ट_बोलतो

ताई, तुमचं वाचून मी पण घरात कबूल केलं, मी पण चुकवतो. बायको म्हणाली मला माहीत होतं. आजपासून आठवड्याला एक ओळ बोलणार, रविवारी. रोज नाही.

गोळीवाले_काका

इंजेक्शनचाही वार डबीवर लिहा. आणि फोनातली जुनी गोळीची आठवण आधी काढून टाका, नाहीतर दोन्ही घेतलं जाईल.

खडू_फळा

काका, काढली! तुमचं आठवूनच काढली.

एक_वाचक

ताई, एक विचारू का? बायकोलाही पुढेमागे इंजेक्शन देऊ असं म्हणालेत. सिरिंज धरायला हाताला जमतं का? तिची बोटं सकाळी अजिबात वळत नाहीत.

खडू_फळा

सकाळी नका देऊ, संध्याकाळी हात मोकळे असतात तेव्हा. कालचं पहिलं दवाखान्यात नर्सताईंनी दिलं आणि मला शिकवलं, बारीक सुई असते, चिमटीत कातडी धरायची. धरायचं काम मला जमतं, दांडा दाबायला अंगठ्यात जोर पुरत नाही. पुढच्या शनिवारी लेक दाबणार आहे. माइक दाबायची सवय झालीच आहे त्याला.